आधी पोहोचणाऱ्यांना शिकवा: कुठे धावायचे, कुठे थांबायचे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

सांगली जिल्ह्यातील पोलीस, 108 रुग्णवाहिकेवरचे डॉक्टर आणि चालक, अग्निशमन दलाचे जवान, गृहरक्षक व पोलीस पाटील यांना मानसिक आणीबाणी हाताळण्याचे प्रत्यक्ष सरावासह प्रशिक्षण मिळावे, या मागणीसाठी हे पत्र लिहीत आहोत. मागणी आमच्या मनची नाही, कायद्यातली आहे. मानसिक आरोग्यसेवा कायदा, 2017 च्या कलम 30 नुसार पोलिसांसह सरकारी अधिकाऱ्यांना या विषयाचे वेळोवेळी प्रशिक्षण देणे ही सरकारची जबाबदारी आहे. कलम 31 सरकारी दवाखाने आणि तुरुंगांतील वैद्यकीय अधिकाऱ्यांना तातडीची मानसिक आरोग्यसेवा शिकवायला सांगते. पण सभागृहात दीड तास व्याख्यान, मग चहा आणि हजेरीपटावर सही, एवढ्याने ते शिकवून होत नाही. या कामात दोन उलट्या गोष्टी अंगवळणी पडाव्या लागतात. काही प्रसंगी क्षणही न दवडता दवाखाना गाठायचा असतो, तर काही प्रसंगी जागच्या जागी अर्धा तास उभे राहायचे असते. नुकसान होते ते बहुतेक वेळा यांची अदलाबदल झाल्याने.

फोनवर येणारी वाक्ये ठरलेली असतात. 'डोक्यावर परिणाम झालाय', 'अंगात आलंय', 'पिऊन धिंगाणा घालतोय', 'दार लावून बसलीय, हाकेला ओ देत नाही'. 112 चा फोन आधी नवी मुंबई किंवा नागपूरच्या केंद्रात उचलला जातो, तिथून निरोप जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षाला आणि मग जवळच्या गाडीला जातो. या साखळीतून 'वेडसर इसम, गोंधळ' एवढाच मजकूर पुढे सरकला, तर गाडीतले दोघे झटापटीच्या तयारीनेच उतरणार. त्यात त्यांचा दोष नाही, त्यांना तेवढेच कळवलेले असते. म्हणून प्रशिक्षणाची सुरुवात नियंत्रण कक्षापासून व्हावी. फोन करणाऱ्याला विचारायचे प्रश्न थोडेच आहेत. माणूस आत्ता नेमका कुठे आहे, जवळ कोण आहे? हातात किंवा हाताशी काही आहे का? काही प्यायला किंवा खाल्ले का, किती वाजता? साखर, फिट, ताप, डोक्याला मार यांपैकी काही? शेवटची दारू कधी घेतली? मानसिक आजाराचे औषध चालू होते का, ते कधी थांबले? आणि तो घरात कोणाचे ऐकतो? हा शेवटचा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. उत्तरात 'थोरल्या बहिणीचं ऐकतो' असे कळले, की तिला फोनवर घेता येते आणि पुढचे अर्धे काम हलके होते.

आता धावायचे कुठे ते सांगतो. अचानक बडबडू लागलेला, कोणालाही न ओळखणारा, अंगावर धावून जाणारा माणूस मनोरुग्णच असेल असे नाही. इन्सुलिन किंवा मधुमेहाच्या गोळ्या घेणाऱ्याची साखर उतरली की तो दारूड्यासारखा वागतो. बोटाच्या एका टोचणीत हे कळते. 70 च्या खाली साखर कमी, 54 च्या खाली गंभीर. शुद्धीत असेल आणि गिळता येत असेल तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून द्यावी. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालू नये, ते काम शिरेतल्या ग्लुकोजचे. माणूस नेहमी भरपूर पिणारा आणि उपाशी असेल, तर 108 वरच्या डॉक्टरांनी ग्लुकोजच्या आधी किंवा सोबत थायमिन (बी-1 जीवनसत्त्व) द्यायला विसरू नये. कालपर्यंत ठीक असलेले आजोबा आज संध्याकाळी भिंतीशी बोलू लागले, तर आधी ताप, लघवीतला जंतुसंसर्ग, सोडियम, औषधांची गल्लत, डोक्याला मार हे शोधायचे. फिट येऊन गेल्यावर काही मिनिटे, कधी तासभरही, माणूस गोंधळलेला असतो. त्या वेळी त्याला धरून ठेवले की तो झटापट करतो, आणि लोक म्हणतात मारायला उठला.

यात सर्वांत जास्त दुर्लक्ष होते ते दारू एकाएकी सुटलेल्या माणसाकडे. रोज पिणारा माणूस अटकेत गेला, दुसऱ्या कारणाने दवाखान्यात पडला किंवा घरच्यांनी कोंडला, की पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसादरम्यान हात थरथरतात, घाम फुटतो, अंगावर किडे चालल्यासारखे वाटते, माणसे दिसू लागतात. कोठडीत याला 'नाटक' म्हटले जाते. उपचार न मिळाल्यास यात जीव जातो. कोठडीत घेतानाच 'रोज पितोस का, शेवटची कधी घेतलीस' हे विचारून नोंदवहीत लिहिले आणि पुढचे चार दिवस पहारेकऱ्याला कशावर नजर ठेवायची ते सांगितले, तर असे मृत्यू टाळता येतात. याला एक पैसाही लागत नाही.

विषबाधेबद्दल सविस्तर लिहावे लागेल, कारण द्राक्षबागा, हळद आणि ऊस असलेल्या या जिल्ह्यात फवारणीची औषधे घरोघरी असतात. अजूनही गावात पहिला उपाय होतो तो मीठपाणी पाजून ओकारी काढण्याचा. तो करू नये. गुंगीत असलेल्याची ओकारी श्वासनलिकेत उतरते आणि विषापेक्षा फुप्फुसाची सूज आधी घात करते. कपडे काढावेत, अंग आणि केस साबण-पाण्याने धुवावेत, धुणाऱ्याने रबरी हातमोजे घालावेत, कारण कीटकनाशक त्वचेतूनही शरीरात जाते. रुग्णाला डाव्या कुशीवर झोपवावे. रिकामी बाटली किंवा पुडा पिशवीत घालून सोबत न्यावा. 'पांढरं औषध होतं' यावरून डॉक्टरांना काही कळत नाही, लेबलवरच्या घटकावरून कळते. धान्यात ठेवायच्या गोळ्यांची शंका असेल तर गाडीच्या खिडक्या उघड्या ठेवाव्यात, ओकारीतून निघणारा वायू मदत करणाऱ्यालाही बाधतो. आणि 'थोडंसंच गेलंय, आता बरा बोलतोय' म्हणून कोणालाही घरी सोडू नये. काही तणनाशकांत माणूस पहिले काही तास, कधी दिवसभरही, ठीक दिसतो. काही कीटकनाशकांत सुधारलेल्या रुग्णाचे श्वासाचे स्नायू एक ते चार दिवसांनी थकतात.

घरचे लोक मात्र खरे सांगत नाहीत. 'फवारताना चुकून गेलं' असे सांगतात, कारण केस होईल ही भीती. प्रशिक्षणात हे ठसवले पाहिजे आणि गावोगाव सांगितलेही पाहिजे: 2017 च्या कायद्याच्या कलम 115 नुसार आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असे गृहीत धरायचे असते. तिला शिक्षा नाही, उलट तिच्या उपचारांची व पुनर्वसनाची जबाबदारी सरकारची आहे. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत अशा प्रयत्नाला शिक्षा सांगणारे जुन्या दंडविधानातले कलम 309 उरलेलेच नाही. कलम 226 आहे, पण ते लोकसेवकावर दबाव आणण्यासाठी केलेल्या प्रयत्नापुरते. दवाखान्यात एमएलसी (पोलिसांना कळवायच्या वैद्यकीय प्रकरणाची) नोंद होते, होणारच. ती नोंद म्हणजे गुन्हा नव्हे. एवढे एक वाक्य हवालदाराने नातेवाइकांना दारातच सांगितले, तर डॉक्टरांना खरे औषध आणि खरी वेळ कळते.

जिथे तातडीचा शारीरिक धोका नाही, तिथे थांबायचे असते, आणि हे शिकायला जास्त कठीण आहे. पोलिसाची सारी तालीम प्रसंग लवकर आवरण्याची असते. घाबरलेल्या, संशयाने ग्रासलेल्या माणसासमोर तीच तालीम उलटते. गाडी थोडी अलीकडे थांबवावी, सायरन आणि फिरता दिवा बंद करावा. अंगणातली गर्दी आणि मोबाइलवर चित्रण करणारे आधी हटवावेत. हे काम एका जवानाचे. दुसऱ्याने बोलायचे, आणि एकट्यानेच बोलायचे. तीन जण तीन बाजूंनी 'खाली ठेव', 'इकडे बघ', 'बस खाली' म्हणू लागले की कोणाचे ऐकावे हेच त्याला कळत नाही. दोन-अडीच हात अंतर, थोडे तिरके उभे राहणे, हात उघडे आणि दिसतील असे. त्याचा दाराकडचा रस्ता अडवू नये, आणि आपलाही बंद होऊ देऊ नये.

भाषेचा भाग आपल्याकडे विशेष महत्त्वाचा आहे. 'ए', 'अरे', 'चल रे' यांनी सुरुवात झाली की मारहाणीचा अनुभव असलेला माणूस लगेच आक्रसतो. अहो-जाहो, काका, मावशी, दादा, ताई अशी सुरुवात करावी. आधी स्वतःचे नाव आणि आपण का आलो ते सांगावे, मग त्याचे नाव विचारावे. वाक्य छोटे, मग थांबायचे. दहा सेकंद गप्प राहणे फार वाटते, पण डोक्यात आवाजांचा कल्लोळ असलेल्याला उत्तर जुळवायला तेवढा वेळ लागतो. त्याला ऐकू येणाऱ्या आवाजांवर वाद घालू नये आणि खोटे हो-हो पण करू नये. 'मला ते आवाज येत नाहीत, पण तुम्हाला येतात आणि भीती वाटतेय हे दिसतंय. काय म्हणतात ते?' हा प्रश्न नुसत्या सहानुभूतीचा नाही. आवाज स्वतःला किंवा दुसऱ्याला मारायला सांगत असतील, तर धोका वाढलेला आहे हे त्यातूनच कळते. शक्य तिथे दोन पर्याय द्यावेत: इथे बसून बोलू या की ओसरीवर? पाणी घेणार की चहा? ज्याच्या हातातून सगळे सुटल्यासारखे वाटते त्याला तेवढी निवड आधार देते.

खोटे मात्र बोलू नये. 'फिरायला जाऊ', 'देवाला जाऊ' असे सांगून दवाखान्याच्या दारात उतरवले, की त्या दिवशीचे काम होते आणि पुढची दहा वर्षे बिघडतात. तो माणूस परत गाडीत बसत नाही, गोळीवर विश्वास ठेवत नाही. 'दवाखान्यात जायचं आहे, डॉक्टर तपासतील, मी सोबत थांबेन' हेच सांगावे, आणि मग खरेच थांबावे.

पुलाच्या कठड्यावर, विहिरीच्या काठावर किंवा मनोऱ्यावर चढलेल्या माणसाबाबत दोन-तीन गोष्टी वेगळ्या. मागून लपत जाऊन झडप घालू नये, दिसेल अशा बाजूने हळू जावे. पाण्याजवळ असेल तर आपत्ती पथकाची नाव प्रवाहाच्या खालच्या अंगाला, नजरेआड तयार ठेवावी. 'पोराबाळांचा विचार कर' हे वाक्य लोक चांगल्या हेतूने म्हणतात, पण आपण घरच्यांवर ओझे झालो हीच ज्याची समजूत आहे त्याला ते टोचते. सरळ विचारावे: 'जीव द्यायचा विचार येतोय का?' असे विचारल्याने विचार डोक्यात भरतो ही समजूत चुकीची आहे. थेट विचारल्याने धोका वाढत नाही, बोलायला वाट मिळते. हो म्हणाला तर पुढचे तीन प्रश्न: कसे ठरवले आहे, साधन जवळ आहे का, आधी असा प्रयत्न झाला होता का. खाली उतरला की काम संपत नाही. त्या रात्री त्याला एकटे सोडू नये, आणि घरातली फवारणीची औषधे कुलपात किंवा शेजाऱ्याकडे जायला हवीत.

कधी धरावेच लागते. तेही शिकण्याचेच काम आहे. पाच जण लागतात: चौघे एकेका हातापायाला, पाचवा डोक्याशी, आणि तोच बोलत राहतो. सांध्यावर जोर देऊ नये. पालथे पाडून पाठीवर गुडघा तर कधीच नको. दमलेल्या, घाबरलेल्या माणसाची छाती दाबली गेली की काही मिनिटांत श्वास थांबतो, आणि दारू किंवा लठ्ठपणा असेल तर त्याहून लवकर. 'ओरडतोय म्हणजे श्वास चाललाय' हा समज घातक आहे. पालथा पडलाच तर आवरताक्षणी कुशीवर वळवावे आणि एकाने फक्त श्वास व ओठांचा रंग पाहावा. एकदम शांत झाला, तर ते बरे लक्षण समजू नये, आधी नाडी बघावी. दोरी आणि साखळी नको. साखळीने बांधण्यावर कलम 95 ने बंदीच घातली आहे.

कायद्याच्या बाबतीत सर्वांत मोठा घोळ जुन्या सवयीचा आहे. 1987 च्या मानसिक आरोग्य कायद्यात पोलिसांना ताब्यात घेतलेल्या मनोरुग्णाला 24 तासांत न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे न्यावे लागे. 2017 च्या कायद्याचे कलम 100 वेगळे आहे. भटकणारी, स्वतःची काळजी घेऊ न शकणारी किंवा आजारामुळे स्वतःला वा इतरांना धोका असलेली व्यक्ती संरक्षणात घ्यायची, तिला कारण सांगायचे आणि शक्य तितक्या लवकर, उशिरात उशिरा 24 तासांत, जवळच्या सार्वजनिक आरोग्य संस्थेत न्यायचे. कोणत्याही परिस्थितीत लॉकअप किंवा तुरुंगात ठेवायचे नाही. बेघर असेल तर हरवल्याची नोंद करून कुटुंबाचा शोध घेणेही ठाण्याचेच काम. 'आधी कोर्टाचा आदेश, मग रत्नागिरी किंवा येरवड्याचे मनोरुग्णालय' असा क्रम आता नाही. जतहून मिरजेला यायला दीड-दोन तास लागतात. तेवढ्या प्रवासात बिघडू शकणाऱ्याला आधी जवळच्या ग्रामीण रुग्णालयात न्यावे. कलम 94 नुसार जीवाला किंवा गंभीर इजेचा धोका असेल तर कोणताही नोंदणीकृत डॉक्टर, नामनिर्देशित प्रतिनिधी (रुग्णाच्या वतीने निर्णय घेणारी, कायद्याने मान्य व्यक्ती) उपलब्ध असल्यास त्याच्या संमतीने, 72 तासांपर्यंत तातडीचे उपचार करू शकतो. 'आमच्याकडे मनोविकारतज्ज्ञ नाहीत' हे दारातून परत पाठवण्याचे कारण होत नाही.

मिरज जंक्शनवर उतरणाऱ्या भटक्या मनोरुग्णांसाठी कलम 100 फार उपयोगी आहे, कारण त्यांच्यातल्या अनेकांना मराठी येत नाही. जतच्या पूर्व भागातही घरची भाषा कन्नड आहे. 'हेदरबेडी' म्हणजे घाबरू नका, 'नीरु बेका' म्हणजे पाणी हवे का, अशी दहा वाक्ये पाठ करून घेता येतील. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 या विनामूल्य क्रमांकावर अनेक भारतीय भाषांत समुपदेशक असतात. फोन लाउडस्पीकरवर ठेवून त्यांना बोलू देता येते.

परदेशातले एक उदाहरण सांगतो. अमेरिकेत मेम्फिस शहरात 1987 साली मानसिक आजार असलेला एक तरुण पोलिसांच्या गोळीने मेला. 1988 मध्ये तिथे पोलीस, मानसोपचार तज्ज्ञ आणि रुग्णांच्या कुटुंबीयांनी मिळून 40 तासांचे प्रशिक्षण उभे केले. स्वेच्छेने पुढे आलेल्या पोलिसांनाच ते दिले गेले. पुढे झालेल्या अभ्यासांत पोलिसांचे ज्ञान आणि दृष्टिकोन सुधारल्याचे दिसते, पण इजा आणि बळाचा वापर कमी होण्याबाबत निष्कर्ष संमिश्र आहेत. आम्हाला त्यातून घेण्यासारखी वाटते ती दुसरीच गोष्ट. तिथे रुग्ण सोपवायला एकच दार ठरवले होते आणि ते दार नाही म्हणत नसे. आपल्याकडे जवान रात्री दोन वाजता एका खिडकीवरून दुसऱ्या खिडकीवर फिरला, की पुढच्या वेळी तो असा माणूस ताब्यात घेण्याचेच टाळतो. मग कितीही शिकवा.

म्हणून मागणी नेमकी मांडतो. सर्वांसाठी दोन दिवस, एकूण 16 तास. एका तुकडीत 20 ते 25 जण, त्यात पोलीस, 108 आणि अग्निशमन एकत्र, कारण घटनास्थळी ते एकत्रच असतात. निम्मा वेळ सरावाचा: बंद दार, पुलाचा कठडा, कोठडीतला थरथरता माणूस, विषबाधा झालेली सून आणि खोटे सांगणारे घरचे. शिकवणाऱ्यांत स्वतः आजारातून गेलेली एक व्यक्ती आणि एक नातेवाईक असावेत. प्रत्येक ठाण्यात, प्रत्येक पाळीत एक तरी 40 तासांचे प्रशिक्षण घेतलेला, स्वतःहून आलेला कर्मचारी असावा. दर सहा महिन्यांनी अर्ध्या दिवसाची उजळणी. तुरचीला पोलीस प्रशिक्षण केंद्र आहे, मिरजेला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. जागा आणि शिकवणारे शोधायला दूर जायला नको. पोलीस पाटलांसाठी तालुक्याच्या ठिकाणी एक दिवस पुरेल, पण ते वगळू नयेत. 2022 मध्ये राज्यात 22,746 आत्महत्यांची नोंद झाली, देशात सर्वाधिक. वाडीवस्तीवर गाडी पोहोचण्याआधी पोलीस पाटीलच पोहोचलेला असतो.

रुग्ण सोपवताना एक पानी चिठ्ठी बंधनकारक करावी: कोणी, किती वाजता, काय पाहिले. रुग्णाचे स्वतःचे शब्द, सापडलेल्या गोळ्यांची पाकिटे, शेवटचे जेवण आणि शेवटची दारू. 'आक्रमक' असा एक शब्द लिहू नये, 'दोनदा खुर्ची उचलली, पाणी दिल्यावर खाली ठेवली' असे लिहावे. डॉक्टरांना त्यातूनच औषध आणि मात्रा ठरवायला मदत होते. वर्षाअखेरीस जिल्ह्याने चार आकडे प्रसिद्ध करावेत: असे किती फोन आले, किती जण दवाखान्यात गेले, किती जणांना इजा झाली (जवानांनाही), आणि दवाखान्याच्या दारात सरासरी किती वेळ गेला.

या जवानांचीही काळजी घ्यायला हवी. 2019 च्या महापुरात किंवा विहिरीतून लहान मुलाचा देह काढताना जे पाहिले जाते ते कर्तव्य संपल्यावर संपत नाही. प्रसंगानंतर लगेच सगळ्यांना एकत्र बसवून जबरदस्तीने बोलते करण्याची पद्धत उपयोगी ठरलेली नाही, जागतिक आरोग्य संघटनाही ती करू नये असे सांगते. त्यापेक्षा पाळी बदलून झोप द्यावी, एका सहकाऱ्याने तिसऱ्या दिवशी आणि महिन्याने विचारपूस करावी. झोप उडणे, दारू वाढणे, तेच दृश्य परत परत दिसणे हे महिन्यानंतरही राहिले, तर उपचारांसाठी पाठवावे, आणि त्याची नोंद सेवापुस्तकात जाणार नाही याची लेखी हमी द्यावी. ती हमी नसेल तर कोणीही पुढे येणार नाही.

जिल्हा नियोजन समितीच्या पुढच्या बैठकीत हा विषय घ्यावा. पहिली तुकडी नियंत्रण कक्षातील कर्मचाऱ्यांची असावी. त्यांच्या टेबलावर लावायची वरील प्रश्नांची मराठी-कन्नड तक्ती आम्ही विनामूल्य तयार करून द्यायला तयार आहोत.

आपले,
मानसोपचार परिचर्या व रुग्णवाहिका सेवेतील काही कार्यकर्ते,
सांगली-मिरज